चौघांना ओळखलं, फाशी सहा जणांना: एका खटल्याचा अभ्यास

हे प्रकरण महाराष्ट्रातलं आहे आणि न्यायालयांच्या निकालपत्रांत नोंदलेलं आहे. आरोपींची, मृतांची आणि साक्षीदारांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. सहा निर्दोष माणसं फाशीच्या दारापर्यंत पोचली ती कोणत्या पायऱ्यांवरून, आणि त्यांतल्या कुठल्या पायरीवर त्यांना अडवता आलं असतं, ते पाहण्यासाठी ही मांडणी केली आहे.

पार्श्वभूमी

2003 च्या जून महिन्यातली रात्र. नाशिक जिल्ह्यातल्या एका शिवारात, शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या कुटुंबावर सात-आठ जणांची टोळी तुटून पडली. लूट, मारहाण, बलात्कार आणि खून. पाच जण मेले. वाचले दोघे: घरातली आई आणि तिचा एक मुलगा. ते दोघेही गंभीर जखमी होते.

जिल्हा हादरला. अशा गुन्ह्यानंतर पोलिसांवर जो दबाव येतो तो खरा असतो. लोकांना आरोपी हवे असतात, वरिष्ठांना रोज प्रगतीचा अहवाल हवा असतो, वर्तमानपत्रांना बातमी हवी असते. त्यात गैर काही नाही. पाच माणसं मारली गेली असताना लोकांनी स्वस्थ बसावं, असं कुणीच म्हणणार नाही.

पुढच्या काळात सहा जणांना अटक झाली. सगळे भटक्या जमातीतले, मोलमजुरी करून पोट भरणारे. त्यांच्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता, पण ते सिद्ध व्हायला 2012 साल उजाडावं लागलं.

जून 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. 30 एप्रिल 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने आरोपींची अपिलं फेटाळली, राज्य सरकारचं अपील मान्य केलं आणि जन्मठेप झालेल्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली.

तीन न्यायालयं झाली. तिन्हींनी दोषी ठरवलं. बाहेरून पाहणाऱ्याला यापेक्षा भक्कम निकाल दिसणार नाही.

अडचण कुठे होती

गुन्ह्यानंतर दोनच दिवसांनी पोलिसांनी त्या वाचलेल्या आईला सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला. तिने त्यातले चार जण ओळखले. तशी नोंद झाली.

ते चौघे या सहा जणांपैकी नव्हते.

या प्रकरणातलं बाकी सगळं या दोन वाक्यांभोवती फिरतं. गुन्हा ताजा आहे, साक्षीदार प्रत्यक्ष घरात होती, तिच्यावर आणि तिच्या माणसांवर हल्ला झाला आहे, आणि ती चार चेहऱ्यांवर बोट ठेवते आहे. तपासासाठी याहून मोठा धागा नसतो. तरीही त्या चौघांवर आरोपपत्र दाखल झालं नाही. ते या गुन्ह्यात का नव्हते, याचंही पटेल असं उत्तर पुढे कधी आलं नाही. नंतर पकडलेल्या सहा जणांना तिने आणि तिच्या मुलाने न्यायालयात ओळखलं, आणि खटला त्या ओळखीवर उभा राहिला.

त्या माउलीला यात दोष देण्याचं कारण नाही. पाच माणसं डोळ्यांदेखत गेली आहेत, स्वतः मरणाच्या दारातून परतली आहे, पोलिस सांगताहेत की गुन्हेगार सापडले. काही काळाने समोर उभ्या केलेल्या चेहऱ्यांत रात्रीचे चेहरे दिसू लागणं हा माणसाच्या स्मृतीचा स्वभाव आहे. म्हणूनच पहिली ओळख जपायची असते. 2024 पर्यंत लागू असलेल्या भारतीय पुरावा कायद्यात ओळखपरेड हा स्वतंत्र पुरावा मानलेला नव्हता, ती न्यायालयात पटवलेल्या ओळखीला आधार द्यायची किंवा तो काढून घ्यायची. इथे पहिल्या ओळखीने नंतरच्या ओळखीचा आधारच काढून घेतला होता. पण ती पहिली ओळख तोलायला कुणी घेतलीच नाही.

मला यात एक गोष्ट सगळ्यांत जास्त खुपते. आपण म्हणतो की गरीब आरोपीला न्याय मिळत नाही, आणि ते खरंच आहे. पण इथे गरिबी दोन्ही बाजूंना होती. झोपडीत राहणाऱ्या एका बाईने दोन दिवसांनी काय सांगितलं होतं, हे तिच्या बाजूने विचारणारंही कुणी नव्हतं. तेच शब्द एखाद्या बंगल्यातल्या बाईंचे असते, तर "आमच्या ताईंनी दाखवलेले ते चार जण कुठे आहेत?" असं विचारणारा भाऊ, वकील किंवा ओळखीचा आमदार आठवडाभरात पोलिस ठाण्यात येऊन बसला असता. इथे आरोपींच्या बाजूने विचारणारं कुणी नव्हतं आणि फिर्यादीच्या बाजूनेही नव्हतं. त्यामुळे तो कागद बाजूला ठेवण्याची कुणालाच काही किंमत मोजावी लागली नाही.

निर्णयाचे टप्पे आणि समोर असलेले पर्याय

पहिला निर्णय तपास अधिकाऱ्यांचा. अल्बममधले चार जण ओळखले गेल्यावर त्यांच्यापुढे सरळ वाट होती: त्या चौघांना गाठायचं, त्या रात्री ते कुठे होते ते तपासायचं, सबळ कारणाने वगळायचे असतील तर ते कारण कागदावर आणायचं. सहा जणांना पकडल्यानंतरही ही वाट बंद झाली नव्हती. आरोपपत्र दाखल झाल्यावरसुद्धा, 2024 पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 173(8) खाली पुढचा तपास करता येत होता. पण ती वाट धरायची म्हणजे उभा राहिलेला खटला आपल्याच हाताने पाडायचा. हातात सहा माणसं आहेत, ती भटकी आहेत, त्यांच्यामागे कुणी नाही, जिल्हा शांत होतो आहे. या सोयीचा मोह किती मोठा असतो, ते तपासाच्या जवळ राहिलेल्यांना सांगावं लागत नाही.

इथे जातीचा आणि भटकेपणाचा इतिहास आड येतो. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कितीतरी समूहांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. स्वतंत्र भारतात 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा संपला. पोलिस ठाण्यातली नजर मात्र कायद्याबरोबर रद्द होत नाही. दरोडा पडला की आधी पालं धुंडाळायची, ही सवय उरतेच. पालावरच्या माणसाकडे त्या रात्री तो दुसरीकडे होता हे दाखवायला हजेरीपुस्तक नसतं, पगारपत्रक नसतं, घरमालकाचा दाखलाही नसतो. त्याच्यासारखेच चार मजूर साक्ष देतील, आणि त्यांचा शब्द न्यायालयात कितीसा चालणार?

दुसरा निर्णय सरकारी वकिलांचा. सरकारी वकील हा पोलिसांचा वकील नसतो. आरोपीच्या बाजूचा कागद हाती असेल तर तो न्यायालयापुढे ठेवणं हे त्याचं कर्तव्य आहे. इथे आधीच्या ओळखीची नोंद अभिलेखात असूनही त्या चौघांचं काय झालं हे अभियोग पक्षाने कधी उलगडून सांगितलं नाही.

तिसरा निर्णय सत्र न्यायालयाचा, आणि मला वाटतं की इथेच सगळ्यांत जास्त काही करता आलं असतं. न्यायाधीश आपण होऊन साक्षीदाराला पुन्हा बोलावू शकत होता, त्याच संहितेचं कलम 311 ती मुभा देत होतं. पुराव्यात दुसऱ्या कुणाचा सहभाग दिसत असेल तर कलम 319 खाली त्याला आरोपी करता येत होतं. आरोपीचा वकील दुबळा असेल, मोफत नेमलेला असेल, तयारीविना उभा असेल, तेव्हा तर न्यायाधीशाने स्वतः प्रश्न विचारणं जास्तच गरजेचं ठरतं. अशा खटल्यांत नेमायच्या वकिलाला किमान दहा वर्षांचा अनुभव हवा आणि तयारीला किमान सात दिवस मिळायला हवेत, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते डिसेंबर 2019 मध्ये, मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात. या सहा जणांचा खटला त्याच्या तेरा वर्षं आधी संपला होता.

चौथा निर्णय उच्च न्यायालयाचा. फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. कायद्याने ही पायरी मुद्दाम ठेवली आहे, आणि त्याच संहितेच्या कलम 367 नुसार या टप्प्यावर उच्च न्यायालय नव्याने चौकशी करवू शकत होतं, जादा पुरावाही घेऊ शकत होतं. म्हणजे इथे अपिलापेक्षा मोठा अधिकार आहे आणि मोठी जबाबदारीही. प्रत्यक्षात काय झालं, तर फाशी कुणाला आणि जन्मठेप कुणाला याची विभागणी झाली. हे सहा जण त्या रात्री तिथे होते का, हा प्रश्न तसाच राहिला.

पाचवा निर्णय 2009 चा. फाशी देताना सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच 1995 च्या एका निकालाचा आधार घेतला. त्या निकालाचं सूत्र असं होतं की शिक्षा ठरवताना गुन्हा पाहायचा, गुन्हेगार नव्हे. हे 1980 च्या बच्चन सिंग खटल्यातल्या घटनापीठाच्या, म्हणजे पाच न्यायमूर्तींच्या मोठ्या पीठाच्या, निकालाशी विसंगत होतं. फाशी फक्त "दुर्मिळातल्या दुर्मिळ" प्रकरणात द्यावी आणि गुन्ह्याइतकंच गुन्हेगाराच्या परिस्थितीकडेही पाहावं, असं घटनापीठाने सांगितलं होतं. आणि नियतीचा क्रूरपणा पाहा. या सहा जणांचा निकाल लागल्यावर बरोबर तेराव्या दिवशी, 13 मे 2009 रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने महाराष्ट्रातल्या दुसऱ्या एका खटल्यात तो 1995 चा निकाल घटनापीठाकडे दुर्लक्ष करून दिलेला आहे असं नमूद केलं. त्या 1995 च्या निकालातला माणूस 1996 मध्येच फासावर गेलेला होता.

बच्चन सिंग खटल्यात न्या. पी. एन. भगवती एकटे विरुद्ध मताचे होते. 1982 मध्ये दिलेल्या आपल्या सविस्तर भिन्नमतात त्यांनी फाशीचा वर्गीय चेहरा उघड केला. ही शिक्षा प्रामुख्याने गरिबांच्या आणि तळच्या लोकांच्या वाट्याला येते, असं त्यांनी लिहिलं. पुढे 2016 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने देशभरातल्या फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात 74.1 टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल निघाले. भगवतींच्या मताला आकड्यांचा आधार मिळायला चौतीस वर्षं लागली.

काय हालचाली झाल्या

2012 मध्ये सत्र न्यायालयाच्या चौकशीत सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हे निश्चित झालं. बालन्याय कायद्यानुसार त्याला फाशी देताच येत नव्हती. 2000 च्या कायद्यात अशा मुलासाठी जास्तीत जास्त मुदत होती विशेष गृहात तीन वर्षं. तोवर तो नऊ वर्षं तुरुंगात होता आणि त्याला फाशीची शिक्षा सुनावलेली होती. त्याचं वय कुणी आधी का तपासलं नाही? जन्माची नोंद नसलेल्या, शाळा धड न झालेल्या मुलाचं वय अंदाजाने लिहिलं जातं, आणि तो अंदाज मग वर्षानुवर्षं एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरत राहतो.

त्याच वर्षी 14 निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रं लिहून 13 कैद्यांची फाशी रद्द करण्याची विनंती केली. त्यांत हे सहाही जण होते. या पत्रांचं मोल मोठं आहे. आपल्या न्यायसंस्थेकडून चूक झाली हे निवृत्त न्यायमूर्तींनी उघडपणे मांडणं ही साधी गोष्ट नाही. तरीही एक लक्षात घ्यावं लागतं: त्या पत्रांचा मुद्दा शिक्षा चुकीच्या सूत्रावर दिली गेली हा होता. माणसं निर्दोष आहेत, हा त्या पत्रांचा मुद्दा नव्हता. फाशी की जन्मठेप, या वादाने त्याच्या खालचा प्रश्न झाकून टाकला होता.

निर्णायक वळण आलं 2 सप्टेंबर 2014 रोजी. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं की फाशीच्या प्रकरणांतल्या फेरविचार याचिका तीन न्यायमूर्तींनी खुल्या न्यायालयात, वकिलांचा युक्तिवाद ऐकूनच निकाली काढायच्या. त्याआधी अशा याचिका न्यायमूर्तींच्या दालनात, कागदांवरूनच फेटाळल्या जात. आधी फेटाळल्या गेलेल्या पण अजून फाशी न झालेल्या कैद्यांनाही ही संधी मिळाली.

या दारातून ते सहा जण आत आले. ऑक्टोबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपला 2009 चा निकाल मागे घेतला आणि अपिलं नव्याने ऐकायला घेतली. आता तीन न्यायमूर्तींपुढे सगळा पुरावा पुन्हा उघडला गेला आणि अल्बमची ती नोंद पंधरा वर्षांनी कुणीतरी मोठ्याने वाचली.

निष्पत्ती

5 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष मुक्त केलं. तपास प्रामाणिक नव्हता, ओळखलेल्या चौघांचा पाठपुरावा झाला नाही, आरोपींवर अन्याय झाला, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. आरोपी भटक्या जमातीतले, समाजाच्या तळच्या थरातले अतिशय गरीब मजूर आहेत, त्यामुळे त्यांना खोटं गुंतवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, हेही निकालात आहे. आरोपीची गरिबी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात त्याच्या बाजूने लिहिली जाणं किती विरळा आहे! एरवी ती शिक्षा सौम्य करण्याच्या यादीत एखाद्या ओळीपुरती येते.

न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई द्यायला लावली, आणि या तपासाला जबाबदार असलेले अधिकारी शोधून तीन महिन्यांत कारवाई करण्याचा आदेश दिला. तुरुंगातल्या दिवसांनी भागलं तर भरपाई दिवसाला नव्वद रुपयेही होत नाही. तीही न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद 142 खालचा आपला विशेष अधिकार वापरला म्हणून मिळाली. चुकीने दोषी ठरवलेल्या माणसाला भरपाईचा हक्क देणारा कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने 2018 मध्ये आपल्या 277 व्या अहवालात, खोट्या खटल्यात भरडलेल्यांसाठी अशी कायदेशीर तरतूद करावी असं सुचवलं होतं. फौजदारी संहितेत विनाकारण अटकेची भरपाई होती, तिची कमाल मर्यादा एक हजार रुपये.

जवळपास सोळा वर्षांत काय गेलं याची मोजदाद निकालपत्रात थोडीच येते. फाशीची टांगती तलवार, कुणाशी बोलणं नाही अशी छोटी कोठडी, घरच्यांची वाताहत. वास्तविक दयेचा अर्जही निकालात निघून फाशी पूर्णपणे अंतिम होईपर्यंत कैद्याला एकांतात ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच सांगून ठेवलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

साक्षीदाराने कुणालाही ओळखलं, मग ते फोटोवरून असो की परेडमध्ये, तर त्याचा शेवट काय झाला हे आरोपपत्रासोबत लेखी देणं बंधनकारक हवं. "ओळखले होते, वगळले, कारण असे" एवढी एक ओळ. ती ओळ लिहायची सक्ती असती, तर 2003 मध्येच कुणाला तरी त्या चौघांकडे जावं लागलं असतं. नाही तर खोटं लिहावं लागलं असतं, आणि खोटं लिहिणारी सही कुणाची हे नंतर शोधावं लागलं नसतं.

मोफत वकिलाला आरोपपत्राबरोबरच तपासातला प्रत्येक जबाब मिळायला हवा, अभियोग पक्षाने वापरला नाही तो तर नक्कीच. गरीब आरोपीचा बचाव बहुतेक वेळा त्या न वापरलेल्या कागदांतच असतो. पैसेवाल्याचा वकील माहितीचे अर्ज करून, पुन्हा पुन्हा मागणी करून ते मिळवतो. तारखेच्या आदल्या दिवशी फाइल हाती पडणारा वकील ते कुठून मागणार? मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक स्थिती आणि तुरुंगातलं वर्तन यांची माहिती खटल्याच्या टप्प्यावरच गोळा करण्याचे निर्देश दिले. चांगलं झालं. पण ती माहिती शिक्षेच्या वेळी कामी येते. दोषच नसलेल्या माणसाला तिचा फारसा उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. 2014 चं ते दार फक्त फाशीच्या कैद्यांसाठी उघडलं. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप तशीच ठेवली असती आणि उरलेल्या तिघांनाही जन्मठेपच दिली असती, तर आपण सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असता. फाशी टळली, माणुसकी जिंकली, असं लिहिलंही असतं. त्यांची फेरविचार याचिका मग खुल्या न्यायालयात आली नसती, अल्बमची नोंद कुणी पुन्हा वाचली नसती, आणि ते सहा निर्दोष मजूर आज कदाचित कुठल्यातरी कारागृहात शिक्षा भोगत असते. फाशीच्या कोठडीतल्या कैद्यांची मोजणी होते, त्यांच्यावर अभ्यास होतात, त्यांच्यासाठी मोठे वकील उभे राहतात. त्यांच्या शेजारच्या बराकीत जन्मठेप भोगणाऱ्यांत दुसऱ्या कुणा साक्षीदाराने दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं का, हे पाहायला अजून कुणी फाइल उघडलेली नाही.